आकडा पाच शे

"कसानी घाई शे, भाऊ?"

नानांना काहीही विचारा, आधी हेच यायचं. तंबाखूचा बार डाव्या गालातून उजव्या गालात जायचा, नजर तळ्याकडे जायची, आणि मग हे वाक्य. खरं उत्तर त्यानंतर, तेही दोन-तीन शब्दांत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी सौदा करू नका. मी केला.

मी मूळचा वरणगावकडचा. केळीचे घड पाठीवर वाहून ट्रक भरण्यापासून सुरुवात केली, आज जमिनी घेऊन प्लॉट पाडतो. बापाकडून मला वीटसुद्धा मिळाली नाही. भावात मला कुणी हरवलेलं नाही, हे मी चारचौघांत आवाज चढवून सांगतो. मग कुणीतरी हळूच नानांचं नाव काढतं आणि माझं डोकं फिरतं.

पारोळ्याजवळच्या एका गावात, तळ्याच्या पश्चिमेचा मोकळा उतार मी विकत घेतला होता. गवत, चार निंब, दोन चिंचा. रस्ता जवळ. 'तळ्याकाठचे प्लॉट' अशी पाटीही रंगवून झाली होती. नाना त्या तळ्याचे जुने पाटकरी. तळ्याचं दार उघडायचं, शेतांना पाळीपाळीनं पाणी सोडायचं, यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाले तरी रोज सकाळी काठावर हजर.

एका दिवाळीत ते माझ्या ऑफिसात आले. बसलेही नाहीत.

"हाई जमीन गावले दे. फुकट नई, लोके वर्गणी करतीन. त्या उतारवरथीनच तळामा पानी येस. तठे घरं उनात, का तळं मरनं."

मी हसलो. "नाना, तुमच्या गावचे लोक कोथिंबिरीच्या जुडीला अर्धा तास घासाघीस करतात. ते जमीन घेणार? तुमच्यामागे माणसं किती? गोष्ट नको, आकडा बोला."

बार इकडून तिकडे गेला. "कसानी घाई शे, भाऊ? आकडा पाच शे."

पाचशे! मी मनात हिशेब मांडला. पाचशे माणसं विरोधात असतील, तर त्या जागेत प्लॉट कोण घेणार? आणि पाचशे माणसं मागे असतील, तर भाव बरा येईल. थोडं ताणलं, थोडं सोडलं, आणि सौदापावती केली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सरेपर्यंत पूर्ण रक्कम द्यायची, नाहीतर जमीन माझी मोकळी. मुदत मीच घातली. त्या दिवशी घरी गेलो तो पेढे घेऊनच.

आठवड्यानं कळलं, की नानांच्या मागे माणसं होती पाच. ते स्वतः, त्यांच्या पत्नी अक्का, गावचा न्हावी, एक गुराखी आणि शाळेतल्या बाई.

मी तसाच गाडी काढून काठावर गेलो. "नाना, खोटं बोललात तुम्ही! पाचशे म्हणालात!"

"मी खरंच सांगं. आकडा पाच... शे." मधे त्यांनी एवढी जागा सोडली, की तिच्यातून बैलगाडी गेली असती. "तुले पाचशे आयकू उनं, त्याले मी काय करू? कान तुना शेतस."

मला अहिराणी कळत नाही असं नाही. आमच्याकडे बोली वेगळी. पण शे म्हणजे आहे, हे वीस वर्षं या भागात वावरून मला कळत नसेल? चूक एवढीच, की सौद्याला बसलं की मला माणसं ऐकू येत नाहीत. आकडेच ऐकू येतात. तरी माझा दावा आजही कायम आहे. हे त्यांनी मुद्दाम केलं.

शब्द दिला होता, तो मोडला नाही. पाच माणसं जमीन घेतात कशी, ते बघू म्हटलं. नाना दारोदार फिरले. कुणी शंभर दिले, कुणी कापूस दिला, पुष्कळांनी चहा पाजून वाटेला लावलं. आखाजी आली, तेव्हा निम्मीही रक्कम जमली नव्हती. मी हद्दीचे दगड ट्रॅक्टरमध्ये भरूनच गावात गेलो.

आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके खेळतात; उतारावर पाहतो तर प्रत्येक झाडाला झोका. नरडाण्याला दिलेली, भुसावळला दिलेली, सुरतेला गेलेली, गावची एकूण एक लेक माहेरी आलेली. गाणी चाललेली. नाना एकेका झोक्याजवळ जात होते आणि एवढंच म्हणत होते, "झोका ले, माय. यंदाना शेवटला शे."

गाणी थांबली. बायका माझ्या ट्रॅक्टरकडे बघायला लागल्या. एक म्हातारी झोक्यावरूनच ओरडली, "हाऊच का तो प्लॉटवाला? याले बहीण नई शे का?"

मला बहीण आहे. त्या वर्षी तिला आणायला मी गेलोच नव्हतो. प्लॉटचे नकाशे काढत बसलो होतो.

दगड उतरवायला निघालेल्या गड्याला मीच थांबवलं. असं माझ्या हातून फारसं होत नाही.

सासरी परतण्याआधी एकेकीनं झोक्यापुरत्या जागेची वर्गणी आपल्या नावानं भरली. कुणी नवऱ्याला फोन लावला, कुणी भावाला धारेवर धरलं. लेकींनी दिल्यावर गावाला मागे राहता येईना. आखाजी सरायच्या आत जमीन गावाची झाली. देणाऱ्यांची यादी शाळेतल्या बाईंनी लिहिली होती. ती पाचशेच्या वर गेली. नानांनी ती माझ्यापुढे धरली. "आते आयक. कसं आयकू येस?"

दगड मी परत नेले नाहीत. ते काठावर बसायला ठेवले. पुढच्या आखाजीला बहिणीला तिथंच आणलं. नानांनी स्वतः तिचा झोका बांधला.

नाना जाऊन आता दोन वर्षं झाली. ते बसायचे तो दगड कुणी अडवत नाही. मी मात्र बसतो. माझाच दगड आहे.

गेल्या महिन्यात तिथंच बसलो होतो. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतला एक जण गाडीतून उतरला. तळ्याची पूर्वेकडची मोकळी जागा त्याला गोदामासाठी हवी होती. गावानं ती घ्यायचं नुकतंच मनात आणलं होतं. चौघं तयार होते, आणि पाचवा मी. माणूस हुशार दिसला, बोलायला घाईचा.

"साहेब, गोष्टी सोडा. गावाच्या बाजूनं माणसं किती? आकडा बोला."

मी तोंडातली सुपारी डाव्या गालातून उजव्या गालात नेली. तळ्याकडे पाहिलं. पाणी काठोकाठ होतं.

"कसानी घाई शे, भाऊ?" म्हटलं. "आकडा पाच शे."