जागा धरायचा नॅपकिन

गाडीत पिचकारी मारणाऱ्याला मी आजवर सोडलेलं नाही. सांगोला ते सोलापूर नोकरीसाठी रोज ये-जा करते, आणि भांडणही जवळजवळ रोजचंच. खिडकीखाली वाळलेले तांबडे ओघळ, हाताला चिकटणारे दांडे, आणि कुणाला उलटी झाली की तिच्यावर पसरलेला कालचा पेपर. झाली गाडी साफ! पाण्याची बादली मारायचं नाव कुणी काढत नाही. तक्रारवहीत मी इतक्यांदा लिहिलंय की वही मागितली की एसटी स्टँडवरचा कंट्रोलर आधी कपाळाला हात लावतो.

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं सोलापुरातच ठरवलं. तिचा डावा डोळा फार पूर्वी शेळीचं शिंग लागून गेलेला, त्यामुळं जे काही होतं ते उजव्यावरच. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तशी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "लई वाळलीस की गं." मी तिथंच रडले.

डॉक्टरांनी बजावलं होतं, डोळ्याला हात लावायचा नाही. पाणी आलंच तर उकळून वाळवलेल्या कापडानं गालावरच टिपायचं. म्हणून नव्या पेठेतून मी आधीच एक पांढरा नॅपकिन आणला होता. आईनं तो घरी स्वतः उकळला, उन्हात वाळवला, पिशवीत बांधला आणि वर मलाच ताकीद दिली, "ह्याला कुणाचा हात लागू द्यू नगंस."

परतीच्या गाडीला ही झुंबड! दारात रेटारेटी, आणि बाहेरून खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या धपाधप सीटवर पडतायत. आईला उभ्यानं नेणं शक्य नव्हतं. माझ्या हाताला जे लागलं ते मी खिडकीतून भिरकावलं. जागा मिळाली. मला केवढा आनंद झाला!

आत जाऊन बघते तर सीटवर ओलसर डाग, आंबूस वास. कुणीतरी ओकलं होतं आणि वरवर पुसलं होतं. मी कंडक्टरवर तुटून पडले.

"वाळलंय की आता, ताई. बसा," तो म्हणाला.

"तुमच्या आईला बसवाल का हितं?"

"माजी आई ह्याच गाडीनं येती."

माझा आवाज आणखी चढला. सीटवर पडलेला नॅपकिन उचलला, तिथं माझी ओढणी अंथरली, आईला बसवलं आणि गाडी सुटल्यावरही बोलतच राहिले. घाण, रोगराई, लोकांची बेपर्वाई, सगळं काढलं. आजूबाजूचे माना डोलवत होते.

"पानी यायलंय बघ डोळ्यातनं," आई म्हणाली.

बोलता बोलताच मी टिपलं. गालावर, मग पापणीच्या कडेलाही.

"त्योच हाय न्हवं, उकळलेला?"

"होय आई, तोच," मी म्हणाले आणि पुन्हा कंडक्टरकडे वळले.

तिसऱ्या दिवशी डोळा लाल झाला, ठणकायला लागला. पुन्हा सोलापूर गाठलं. डॉक्टरांनी तपासलं, त्यांचा चेहरा उतरला. जंतू आत गेलेत म्हणाले. "घाणेरडं काही लावलंत का?"

तेव्हा कुठं माझ्या डोळ्यांपुढं ते सीट आलं. मी तोंड उघडायच्या आत आईच बोलली, "न्हाय वो सायेब. उकळलेल्या कापडाशिवाय दुसरं कायबी लावू दिलं न्हाय माज्या पोरीनं."

मी औषधांच्या चिठ्ठीसाठी हात पुढं केला.

इंजेक्शनं झाली, आणखी एक ऑपरेशन झालं. आता तिला उजेड कळतो, माणूस कळत नाही. शेळ्या ती हातानं चाचपून ओळखते. मी तक्रारवहीत पानभर लिहिलं: न धुतलेली सीटं, उलटी, उद्धट उत्तर. त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. नॅपकिनचं तेवढं लिहिलं नाही.

तो अजून घरात आहे. परवा मी सोलापूरला निघाले, तर आईनं चाचपत चाचपत तो माझ्या पर्समध्ये ठेवला. म्हणाली, "गाडीत लई घाण असती बाई. ह्यो उकळलेला हाय."