ग्रहणात चिरलेला दुधी

ऊनही आजारी पडतं, हे मी पौडला पाहिलं. माघातली ती लख्ख दुपार हळूहळू पितळी झाली, मग राखाडी. शाळेमागच्या आंब्याखाली एरवी गोल कवडसे पडत. त्या दिवशी मातीवर शेकडो चंद्रकोरी थरथरत होत्या. कोंबड्या आपणहून खुराड्यात शिरल्या. वारा गार झाला, आणि बाजारपेठेत चिटपाखरूही नव्हतं. भर दिवसाची असली शांतता तुम्ही कधी ऐकली आहे का?

पंधरा दिवसांपासून वर्तमानपत्रांत ग्रहणाच्या आकृत्या छापून येत होत्या आणि रेडिओ बजावत होता, सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका. मी विज्ञानाची शिक्षिका; ती कात्रणं मी मोठ्या हौसेनं फळ्याशेजारी डकवली होती. शास्त्रज्ञांनी फक्त डोळे जपायला सांगितलं होतं. गावानं ऐकलं ते एवढंच, की आता सरकारही ग्रहण पाळा म्हणतंय! जुन्या भीतीला छापील आधार मिळाला आणि एकजात सगळी दारं बंद झाली.

मला संताप आला. सातवा महिना चालू होता, पण अंगातली खुमखुमी काही कमी नव्हती. भाड्याच्या खोलीपुढच्या ओट्यावर, त्या रोगट उजेडात, मी विळी घेऊन दुधी चिरायला बसले. बंद खिडक्यांच्या फटींतून सगळी पेठ बघत असणार हे मला ठाऊक होतं. बघावं म्हणूनच तर बसले होते. माझी घरमालकीण अमीनाबी किराणा दुकान चालवायची. तिनं दार किलकिलं केलं.

"बाई, आत या. इळी ठिवा. पोराचा ओठ फाटतो म्हंत्यात."

मी हसले आणि पुढची फोड चिरली.

"तुमास्नी लई कळतंय, व्हय. पर पोटातल्याला इचारलंत का?"

दार लागलं. अर्ध्या तासात ऊन पूर्ववत झालं, पेठ गजबजली. पण ते वाक्य माझ्यापाशीच राहिलं. वर्गात प्रकाशाचे नियम शिकवताना माझं बोट नकळत वरच्या ओठावर जाई. बाळ हललं की अंगावर काटा येई. किती लाज वाटायची मला माझीच! जे खोटं आहे हे मी पुराव्यानिशी शिकवत होते, त्यालाच मी घाबरत होते. पुण्याला नोकरी करणाऱ्या नवऱ्यालाही हे सांगता आलं नाही. काय म्हणून सांगणार?

वैशाखात मुलगी झाली. दवाखान्यात जवळ अमीनाबीच होती. नर्सनं दुपट्यात गुंडाळलेलं बाळ हातात दिलं, तेव्हा मी लेकीचे डोळे पाहिले नाहीत, रंग पाहिला नाही. बोटानं वरचा ओठ या कडेपासून त्या कडेपर्यंत चाचपला. ओठ अखंड होता.

मान वर केली, तर अमीनाबी पदरानं डोळे पुसत होती.

"तीन म्हैनं मला बी झोप न्हाई, बाई," ती म्हणाली. "असलं अभद्र माज्याच तोंडून गेलं व्हतं."

मग आम्ही दोघींनी मिळून मुलीचं तोंड पाहिलं.