बाई गायब झालेलं गाणं

आमच्या मावशीला अख्खी गल्ली रेडिओ म्हणायची. पडदे शिवताना, पँट आखूड करताना, अगदी गिऱ्हाइकाचं माप घेतानासुद्धा हिचं गाणं चालू. कंबर मोजता मोजता हिने वरचा सूर लावला की गिऱ्हाईक बिचारं श्वास रोखून उभं राहायचं, आणि मग पँट घट्ट झाली म्हणून भांडायला यायचं.

गेल्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि रेडिओ बंद पडला. आवाज अगदीच गेला नव्हता, पण घोगरा झाला होता, मधेच फाटायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज मोठ्याने गा, नाहीतर आहे तोही बसेल. मावशीने साफ कानाडोळा केला. गिऱ्हाइकांशी खुणांनी बोलायची, घरात नुसतं हं आणि अंहं. काकांनी विनवण्या करून पाहिल्या, मी तर चक्क भांडले. असल्या हट्टाने माझं डोकंच फिरतं. बाई आपल्या हाताने आपला आवाज घालवत होती आणि आम्ही बघत बसलो होतो.

शेवटी माझा जुना कॉम्प्युटर, म्हणजे लॅपटॉप, उचलून मी तिच्या घरी नेला. त्यात तिची आवडती सगळी गाणी भरली होती. काकांच्या जुन्या स्टिरिओला जोडू, मोठ्याने लावू, ऐकून तरी हिला गावंसं वाटेल, असा माझा बेत होता. मावशी पडदा शिवत बसली होती, तिच्या मशीनशेजारच्या टेबलावर सगळं मांडलं, वायर जोडली, गाणं लावलं.

व्हायोलिन वाजलं, बासरी वाजली, ठेका छान धरला, आणि गाणारी बाई गायब. विहिरीच्या तळातून यावा तसा तिचा पुसट आवाज तेवढा येत होता. दुसरं गाणं लावलं, त्यातला बुवाही गायब. मी लाल-पांढऱ्या पिना उलटसुलट केल्या, सेटिंगं चाळली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काका म्हणाले, "स्टिरिओ म्हातारा झालाय, माझ्यासारखा." पण स्टिरिओचा स्वतःचा रेडिओ लावला तर बातम्या खणखणीत. वायर काढली तर कॉम्प्युटरही एकटा नीट गात होता. म्हणजे घोटाळा असलाच तर वायरीत.

ती पुन्हा खोचली, गाणं चालू ठेवलं आणि पिशवीतली दुसरी वायर शोधायला मी टेबलाखाली वाकले. वर बिनबाईचं गाणं वाजतच होतं. ध्रुवपद आलं आणि त्या रिकाम्या जागेत कोणीतरी हळूच शब्द भरले. घोगरे, थोडे मागे पडलेले. मी होते तशीच वाकून राहिले. कंबर मोडायची वेळ आली, पण हलले नाही.

कडवं संपल्यावर उठले तेव्हा मला दिसलं की कॉम्प्युटरला मी हौसेने जे जाड कव्हर घातलं होतं, त्याच्यामुळे पिन पूर्ण आत जातच नव्हती. अर्धवट बसलेली पिन डाव्या-उजव्या दोन्ही स्पीकरना सारखाच जाणारा आवाज, म्हणजे गाणाऱ्यालाच, नेमकी खात होती. सवयीने कव्हर काढलं, पिन दाबली. बाई खोलीभर गायला लागली, भरघोस, बिनचूक, आणि मावशी एकदम गप्प झाली. मान खाली घालून पडद्याला टाचण्या लावू लागली. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

मी पिन अर्धी बाहेर ओढली आणि वर चिकटपट्टी मारली. बाई पुन्हा नाहीशी झाली. मावशीने भुवया उडवून विचारलं, काय झालं.

"बिघडलं," मी म्हटलं. "हे आता नीट व्हायचं नाही. शब्द कोणी म्हणायचे ते तूच बघ."

मावशी काही खुळी नाही. चिकटपट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग टाचण्या बाजूला ठेवल्या आणि ध्रुवपद उचललं. वरच्या सुराला आवाज टरकन फाटला. आता ही परत हं-अंहंवर जाणार, असं मला वाटलं.

"मागे घे गं जरा," मावशी म्हणाली. "ती बाई इथे नाहीये तेच बरं आहे, असती तर हसली असती. पहिल्यापासून लाव, आणि थोडं मोठं कर."

काका पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेले. मी गाणं पहिल्यापासून लावलं.