तोंडातल्या टाचण्या

टेपमावशीच्या गळ्यात मोजपट्टी नाही, असा दिवस चर्चच्या मंडळीत कुणी पाहिलेला नाही. रविवारच्या उपासनेलासुद्धा ती पट्टी लटकवून यायची, आणि शेजारणीने कोपराने ढोसलं की ओढून काढून पर्समध्ये कोंबायची. तिचा धंदा लोकांचे कपडे बेताचे करून देण्याचा. ढगळ असेल ते घट्ट, लांब असेल ते आखूड, आणि लग्नानंतर वर्षभरात जे सुटतात त्यांच्यासाठी घट्ट होतं ते पुन्हा ढगळ. रस्त्याच्या कडेची एक खोली, तिच्यात शिलाई मशीन, उंच आरसा, एक पडदा आणि गिऱ्हाइकाला उभं करायला लाकडी स्टूल. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली. मागच्या दोन खोल्यांत ती आणि तिची एकुलती एक लेक राहायच्या.

आसपासच्या दोनशे कंबरा मावशीला तोंडपाठ होत्या, पण त्या तिच्या तोंडून कधी बाहेर पडल्या नाहीत. मापाच्या चिठ्ठीवर ती नाव लिहीत नसे, नुसता नंबर. किती जणींनी चहा पाजून, गोड बोलून विचारून पाहिलं, की अमकीला अलीकडे किती लागतं हो? मावशी दोरा दाताने तोडत म्हणायची, "कापडाला विचार." तिच्या दुकानात गर्दी असायची ती टाक्यांपेक्षा या तोंडासाठी.

आता हेच तोंड बुधवारी कसं सुटलं, ते ऐका.

दर बुधवारी दुपारी मोठ्या बाईंच्या घरी बायबल अभ्यास असे. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्ती शाळेतून घेतलेली, स्वभावातून नाही. सात-आठ बायका जमायच्या, एक अध्याय वाचायच्या, बाई अर्थ समजावून सांगायच्या आणि उशिरा येणारीला अजूनही दारात उभं करायच्या. मग प्रार्थनेच्या विनंत्या. त्यासाठी एक जाड वही होती आणि ती गेली अकरा वर्षं मावशीच्या ताब्यात होती, कारण तिचं अक्षर चांगलं. विनंती लिहायची, पुढच्या बुधवारी वाचून दाखवायची, देवाने ऐकली असेल तर समोर बरोबरची खूण करायची. त्या वहीत कुणाचे गुडघे होते, कुणाच्या जावयाची बदली होती, कुणाच्या भावजयीचा तापट स्वभाव तर तारीखवार होता. चारचौघींत बोललं तर ती चहाडी, आणि डोळे मिटून बोललं की तीच विनंती. इतकी वर्षं वही सांभाळून मावशीच्या हे ध्यानात आलं नव्हतं, कारण वहीत तिचं स्वतःचं असं काही फारसं नव्हतंच.

लेक सत्तावीस वर्षांची. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. रविवारी मात्र ती चर्चच्या शब्बाथशाळेत सगळ्यात लहान मुलांचा वर्ग घ्यायची. चार ते सहा वर्षांची बारा-तेरा पोरं, नाकं गळणारी, एकाच वेळी बोलणारी. त्यांच्यासाठी तिने एक खोकं केलं होतं. आईच्या दुकानातल्या चिंध्यांची मेंढरं, एक तारू, एक मोठा मासा ज्याच्या पोटाला चेन होती. ती चेन मावशीनेच लावून दिली होती. आठवडाभर सुया टोचून आलेली ही मुलगी रविवारी त्या पोरांत बसली की अशी खुलायची, की मावशी दाराच्या फटीतून बघत उभी राहायची.

एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना लेक म्हणाली, "आई, मला प्रार्थना करता येत नाही गं. सहा महिने झाले. डोळे मिटते आणि समोर काहीच नसतं."

मावशीच्या हातातली घडी विस्कटली. मग वर्गात काय करतेस, असं तिने विचारलं. लेक म्हणाली, की गोष्ट सांगते, गाणी म्हणून घेते, आणि प्रार्थना मुलांना करायला लावते, त्यांना येते. खोटं काही बोलत नाही. एवढं बोलून तिने टॉवेल उचलले आणि आत गेली. कुणाला सांगू नकोस, असं ती म्हणाली नाही. आईला सांगताना तसं म्हणावं लागतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

पाच दिवस मावशीचा जीव थाऱ्यावर नव्हता. एका पँटचा एक पाय तिने दुसऱ्यापेक्षा आखूड केला. बुधवारी अभ्यास संपला, बाईंनी विनंत्या विचारल्या, आणि मावशीला रडू फुटलं. एकमेकांसाठी प्रार्थना करा, हे शास्त्रात लिहिलेलंच आहे. ती काही कट्ट्यावर बसून बोलत नव्हती. सगळ्या जणींनी हात धरले, डोळे पुसले, आणि मावशीने स्वतःच्या सुंदर अक्षरात लेकीचं नाव वहीत लिहिलं.

बुधवारी सात जणींना माहीत होतं. शनिवारपर्यंत ते सात जणींच्या नवऱ्यांना, दोघींच्या सुनांना आणि एकीच्या विहीणबाईंना माहीत झालं, प्रत्येक ठिकाणी अर्थातच प्रार्थनेसाठी. रविवारी चर्चच्या पाळकांनी लेकीला बाजूला घेतलं. फार प्रेमाने सांगितलं, की तुम्ही थोडी विश्रांती घ्या, वर्ग सध्या दुसरं कुणीतरी बघेल, आम्ही सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करतोय.

लेक घरी आली आणि मेंढरांचं खोकं तिने मशीनवर ठेवलं.

"वहीत लिहिलंस?"

मावशीने मशीनवरचा दोरा गुंडाळायला घेतला.

"गिऱ्हाइकाची कंबर तू कुणाला सांगत नाहीस, आई," लेक म्हणाली, आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

त्यानंतर घरात बोलणं उरलं ते भाजी आणि किल्ली यांच्यापुरतं. बाहेर मात्र ऊत आला. लेकीच्या फोनवर रोज सकाळी बायबलमधली वचनं येऊ लागली, सूर्योदयाच्या चित्रासकट. एकजण पुस्तिका देऊन गेली, दुसरी तीच पुस्तिका देऊन गेली. भावजयवाली येऊन अर्धा तास बसली आणि जाताना, तुझ्यामुळे आम्हालाही शिकायला मिळतंय हो, असं म्हणाली. लेक दात आवळून हसली. मावशी पडद्याआड कात्री घट्ट धरून उभी होती. कुणाला काय बोलणार? या सगळ्यांना आमंत्रण तिनेच दिलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ती लेकीवरही चिडायची. आई आहे मी, वैरीण नाही, एवढा काय तो राग? मग देवावर चिडायची. मशीन चालवता चालवता भांडायची त्याच्याशी. तुझंच ऐकलं ना मी? ओझी वाहा म्हणालास, वाहायला निघाले, तर पोरीच्याच डोक्यावर आपटलं. पाय ज्या जोराने मशीनच्या पायडलवर पडायचा त्यावरून शेजारच्या चांभाराला कळायचं, की मावशीची उपासना चालू आहे. आणि सगळ्यात शेवटी, कामं संपली, की ती स्वतःवर चिडायची. तो राग मात्र कशानेच उतरत नव्हता.

त्यात कोटाची भर पडली. लेकीला कामावरून नवा पांढरा कोट मिळाला, गुडघ्याच्या खाली लोंबणारा. तो तिने घरातल्या शिंपिणीला न देता समोरच्या दुकानात दिला. समोरच्याने तो असा आखूड करून दिला, की डावी बाजू वर आणि उजवी खाली. आठवडाभर लेक तो वाकडा कोट घालून मावशीच्या डोळ्यांसमोरून जात होती. मावशीला एक शब्द बोलायची सोय नव्हती. तीस वर्षं जिने लोकांचे काठ सरळ केले तिच्या घरातून हा तिरका काठ रोज सकाळी रस्त्याला लागायचा.

पुढच्या बुधवारी अभ्यासाला नेमका तो भाग आला, की प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे. मावशीने हा भाग वीसेक वेळा वाचला असेल. बाई समजावत होत्या, की ती खोली म्हणजे कोठीची खोली असावी, कारण त्या काळी घरात दार असे ते तिलाच. मग कोठीत काय काय ठेवत असतील यावर पंधरा मिनिटं चर्चा झाली.

"बाई," मावशी मध्येच म्हणाली, "दार लावायचं म्हणजे बाकीच्यांना बाहेर ठेवायचं ना?"

बाई म्हणाल्या, उघडच आहे.

"मग आपण अकरा वर्षं वहीत काय करतोय?"

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि हा प्रश्न चांगला आहे, पुढच्या खेपेला घेऊ, असं सांगितलं. मावशीने वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि चहाला न थांबता निघाली, ती थेट पाळकांकडे.

पाळक चांगला माणूस. त्यांच्या पँटी मावशीनेच दोनदा सैल करून दिल्या होत्या, पण ते असो. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं. मावशीने सांगितलं, की चूक माझी आहे, ते मी बोलायला नको होतं, पोरीचा वर्ग तिला परत द्या.

पाळकांनी जरा विचार केला. "मावशी, तुम्ही जे सांगितलंत ते खोटं होतं का?"

ही वाट चांगली रुंद होती. खोटं नाही, पण वाढवून सांगितलं, असं म्हटलं असतं तरी भागलं असतं. आईचा जीव आहे, राईचा पर्वत झाला, असं म्हणून पाळकही सुटले असते आणि मेंढरांचं खोकं रविवारी परत वर्गात गेलं असतं. मावशीच्या जिभेवर ते आलंही. तिने गळ्यातली पट्टी बोटाला गुंडाळली आणि सोडली.

"खरं होतं," ती म्हणाली. "पण माझं नव्हतं."

पाळक म्हणाले, की पुढच्या महिन्यात मंडळीच्या वडिलांची, म्हणजे कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांची, बैठक आहे, तिथे विषय ठेवतो, तोवर प्रार्थना करू या. तोवर प्रार्थना करू म्हणजे सध्या नाही, हे मावशीला इतक्या वर्षांत कळलेलं होतं. ती घरी आली आणि जाऊन आल्याचं तिने लेकीला सांगितलं नाही. सांगायचं झालं तर फुशारकी वाटेल, आणि न सांगावं तर पोटात दुखतं. तोंडात तीळ भिजत नाही अशी बाई ती, आपल्या माणसांच्या बाबतीत तरी. ती तीन दिवस त्या तिळासकट वावरली.

शनिवारी दुपारी लेक कामावरून आली तेव्हा कोटाचा काठ फाटून लोंबत होता. कपाटाच्या कडीत अडकला होता म्हणे. समोरचं दुकान उघडं होतं. लेक दारातून एकदा तिकडे बघून आली. मग काही न बोलता पडद्यापाशी आली आणि स्टुलावर चढून उभी राहिली.

मावशीने टाचण्यांची डबी घेतली. पाच-सहा टाचण्या सवयीने ओठांत धरल्या आणि खाली जमिनीवर बसली. समोरच्याचे टाके उसवले. जीव गार झाला तिचा ते उसवताना. मग पट्टी लावून ती डावीकडून टाचत निघाली.

लेक आरशात बघत होती, स्वतःकडेच. "पाळकांकडे गेली होतीस," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं मला. काय बोललीस तेही सांगितलं."

मावशीने टाचण्या काढायला हात तोंडाकडे नेला.

"नको," लेक म्हणाली. "राहू देत त्या."

मावशीचा हात खाली आला. आणि लेक बोलायला लागली. आधी थांबून थांबून, मग धडधड. अधे-मधे मावशीच्या पोटातून सल्ले वर येत होते. एक वचन तर अगदी ओठांपर्यंत आलं, पण तिथे टाचण्या होत्या. कोट केव्हाच टाचून झाला होता. मावशी शेवटची टाचणी काढायची आणि पुन्हा तिथेच लावायची, उगीच, म्हणजे स्टूल रिकामं होऊ नये. तिच्या गुडघ्यांना कळ लागली, डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने खांद्याला पुसलं. एका गिऱ्हाइकाने दार ढकललं, तर तिने हातानेच त्याला नंतर ये म्हणून सांगितलं.

वर्ग अजून परत मिळालेला नाही. वचनं अजून येतात, सूर्योदयासकट. प्रार्थना लेकीला येते की नाही, हे मावशीला ठाऊक असेल तर असेल.

त्यानंतरच्या बुधवारी मोठ्या बाई वही उघडून बसल्या होत्या. त्यांचं अक्षर किरटं, त्यामुळे त्या जरा वैतागलेल्या होत्या. त्यांनी लेकीच्या नावासमोर पेन टेकवलं आणि विचारलं, "काय गं, बोलली का ती काही? काय लिहू?"

सगळ्या जणी मावशीकडे बघायला लागल्या. मावशीने मांडीवरचं शास्त्र मिटलं.

"कापडाला विचारा, बाई," ती म्हणाली.