भास्कररावांनी न शोधलेले औषध

डॉ. भास्कररावांनी लठ्ठपणावर औषध शोधले, असे त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरव समितीच्या पत्रकात छापले आहे. ते चूक आहे. पत्रक वाचून लोक औषधासाठी त्यांच्या येडगावच्या घरी येऊ लागले, म्हणून मला लिहावे लागत आहे.

मी पेठ गावची. पदवी घेऊन पुण्याच्या प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखाली रुजू झाले, तेव्हा पहिल्याच सकाळी त्यांनी तराजू दाखवून बजावले, "कुठल्याही उंदराचा लाड करू नका. लाडक्याचं वजन नीट घेतलं जात नाही."

त्या उंदरांच्या वंशातच लठ्ठपणा होता. पिल्लांनी आईचे दूध सोडताच निम्म्यांना भूक कमी करणारे औषध द्यायचे, निम्म्यांना नाही. इतक्या लवकर औषध दिल्याने पुढचा लठ्ठपणा टळतो का, एवढाच सरांचा प्रश्न होता.

पहिल्या तुकडीत औषध चालू असतानाच उंदीर जाड होऊ लागले. चौकशी केली. पिंजरे सांभाळणारे धोंडीभाऊ अष्टविनायकातल्या ओझरचे. संकष्टीच्या मोदकाने सुरुवात झाली होती, मग रोज गूळखोबरे.

"गणपतीचं वाहन हाय, सर. परसादाबिगर कसं ठेवायचं?"

"सगळ्यांना दिलंत?"

"न्हाई. औशिदवाल्यांनाच. आजारी बिचारी, लई वाळली व्हती."

सरांनी आवाज चढवला नाही. सगळी तुकडी प्रयोगातून बाद केली आणि धोंडीभाऊंना कामावर ठेवले. "यापुढे प्रसाद आम्हाला आणा, भाऊ. आमचं वजन कुणी करत नाही."

दुसऱ्या तुकडीत औषध चालू होते तोवर उंदीर सडपातळ राहिले. ते थांबताच वजन चढले आणि बिनऔषधाच्या भावंडांना त्यांनी गाठले. वरिष्ठांनी सुचवले, अहवाल औषध थांबण्यापाशीच संपवा. सर म्हणाले, "पुढचं मी पाहिलंय, साहेब." अहवाल पूर्ण गेला. पुढच्या कामाला मंजुरी मिळाली नाही. त्याविषयी त्यांनी कधी तक्रार केल्याचे मी ऐकलेले नाही.

गेल्या महिन्यात मी येडगावला गेले असताना एक बाई लेकीला घेऊन आल्या.

"ते उंदराचं औशिद द्या, सर. खाती बी लई न्हाई. घरात समदी हिला म्हैस म्हनत्यात."

"औषध माझ्याकडे नाही, बाई. डॉक्टरांना दाखवा. आणि म्हैस म्हणणं आजपासून बंद. काहींच्या अंगातच असतं ते. उंदरांत तरी मी तेच पाहिलं."

मुलीने विचारले, "उंदरांना बी कुनी चिडवायचं का?"

"छे! त्यांना मोदक मिळायचे."

मुलगी हसली. बाईंच्या चेहऱ्यावरची निराशा मात्र गेली नाही, आणि ती पत्रकाने दिलेली होती.

पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि न केलेल्या कामाचे श्रेय दारात उभे राहून नाकारण्याची वेळ त्यांच्यावर पुन्हा न येवो.

या लेखासोबत दुसऱ्या तुकडीच्या वजनांचा आलेख समितीच्या कार्यवाहांच्या हाती दिला आहे. प्रत एक, औषध थांबल्यानंतरच्या भागासह.