आत्याच्या नावाची डबी

माझ्या आत्याने आयुष्यात कधी संडास हा शब्द उच्चारला नाही. कोन गावात असताना घरामागे जावं लागे, म्हणून ती "मागं जाऊन येते" म्हणायची. पुढे मुलाबरोबर कामोठ्याला चौथ्या मजल्यावर राहायला आली, तरी ती मागंच जात होती. आम्ही हसायचो. तिच्या मते त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. बाईमाणसाने असल्या गोष्टी तोंडातून काढू नयेत.

मासळी घेताना मात्र तिला कसलीच लाज नव्हती. पनवेलच्या बाजारात कल्ले उचलून, पोट दाबून, वास घेऊन मगच मासा पिशवीत जायचा. "आतून बघितल्याबिगर घेऊ नये," असं मला बजावायची. मी एकदा म्हटलं, "आत्या, मग स्वतःला कधी तपासून घेणार?" ती फाडकन म्हणाली, "तो मेलेला असतो गो. मी जिती हाय."

माझ्या ऑफिसच्या वार्षिक तपासणीत घरातल्या एका माणसाला नेता येतं. आई नाही, म्हणून मी आत्याचं नाव घातलं. तिने साठी ओलांडली होती. रक्त मुकाट्याने दिलं. शौचाच्या नमुन्याची डबी हातात येताच मात्र बिथरली. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात शोधतात, आतड्याचा कर्करोग त्रास सुरू होण्याआधीच कळू शकतो, सगळं समजावलं. "जे दिसत नाय ते कशाला शोधायचं? दोन्ही डब्यांत तुझंच दे. आपलं रक्त एकच हाय." मी वैतागले होते, ऑफिसला उशीर होत होता, आणि खरं सांगायचं तर मला गंमतही वाटली. मी दोन्ही डब्या भरल्या. एवढी शिकलेली मी!

रिपोर्ट नॉर्मल आला. आत्याने तो मजल्यावरच्या सगळ्यांना दाखवला.

वर्षभराने तिला रक्त जायला लागलं. ते तिने कित्येक महिने लपवलं, मग मूळव्याध समजून कुणीतरी दिलेली पूड खाल्ली. दुर्बिणीने तपासलं तेव्हा रोग यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी जुना रिपोर्ट पाहिला आणि आमची समजूत घातली, "या तपासणीतून रोग कधी कधी निसटतो." ते गेल्यावर आत्याने माझा हात घट्ट धरला. "कुणाला सांगू नको. माझी लाज जाईल." मरणापेक्षा तिला तेच मोठं होतं. मी शब्द दिला.

तिच्या बाराव्याला तिचा मुलगा, सुरेशदादा, येईल त्याला सांगत होता, "तपासण्या करून काय उपयोग? आईची नॉर्मल आली होती." आईला हा रोग झाला म्हणून डॉक्टरांनी त्यालाही दुर्बिणीची तपासणी करायला सांगितली होती. तो ऐकायला तयार नव्हता, आणि आलेले लोक माना डोलवत होते. मी त्याला आतल्या खोलीत नेलं.

"दादा, तो रिपोर्ट आत्याचा नव्हता. माझा होता."

तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. तपासणी करून आला, एवढं वहिनीकडून कळलं. आत्याला दिलेला शब्द मी मोडला. तिला राग आला असेल तर येऊ दे. मलाही तिचा रोज येतो.