धरलेलं बोट

माझा पुठ्ठा केंद्राच्या मॅडमनी उचलला आणि कपाटावर ठेवला. म्हणाल्या, "आज हे कळकट नको. फोटोत बरं दिसत नाही."

तो पुठ्ठा म्हणजे माझं तोंड. मला जन्मापासून बोलता येत नाही. हातपाय वाकडे, मान डुलते, पण उजव्या हाताचं एक बोट माझं ऐकतं. बाबा विश्रांतवाडीत दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांनीच पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरं काढून दिली होती, आणि कोपऱ्यात मोठं 'नाही'. मी एकेका अक्षरावर बोट ठेवायचे, समोरचा वाचायचा. पुठ्ठा वर गेला. आता कुणी मला काही केलं, तर मी सांगणार कशी?

त्या दिवशी आमच्या अपंगांच्या केंद्रात खराडीच्या कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीचे साहेब मला बोलणारा टॅब द्यायला येणार होते. टॅबवर सहा चित्रं. पाणी, भूक, संडास, दुखतंय, हो, धन्यवाद सर. चित्र दाबलं की एक लहान मुलगी गोड आवाजात बोलते. माझं वय सव्वीस! आणि 'नाही' कुठाय? शोधून शोधून डोळे दुखले. नव्हतंच. देणाऱ्यांना गरज वाटली नसावी.

साहेब आले. कॅमेरा आला. "बोल बाळा," साहेब म्हणाले. 'धन्यवाद सर' दाबलं नाही, तर टॅब जाईल, केंद्रातून नाव काढतील, मागच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसलेल्या बाबांना खाली बघावं लागेल. तरी मी बोट मुठीत लपवलं.

मॅडमनी हसत हसत मूठ उघडली. माझं बोट धरलं. दाबलं.

"धन्यवाद सर."

टाळ्या! माझ्या बोटाने दुसरंच कुणीतरी बोललं होतं. इतकी मी कधीच घाबरले नव्हते. उद्या हेच बोट धरून 'हो' म्हणवतील. कशालाही.

मी ओरडले. माझा तो घोगरा आवाज, ज्याची मला आयुष्यभर लाज वाटली. कपाटाकडे बघत ओरडतच राहिले. बाबा उठले, पुठ्ठा काढला, माझ्यापुढे धरला. मी अक्षरं दाखवत गेले आणि शेवटी बाबा मोठ्याने म्हणाले, "अहो साहेब, ती म्हणतेय, हे मी बोलले नाही."

मॅडम पुटपुटल्या, "तुम्हा लोकांना काही द्यायची सोयच नाही."

तुम्हा लोकांना! हे बाबांनी जन्मभर ऐकलंय. या वेळी ते खाली न बघता मॅडमकडे बघत उभे राहिले.

टॅब मी परत केला नाही. का करू? मला लागतो तो. शेजारच्या इंजिनिअर ताईकडून त्यात नवं बटण करून घेतलं, 'नाही'. लाल, सगळ्यात मोठं, माझ्या आईच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं.

भीती गेलेली नाही. केंद्राची गाडी दारात आली की अजून मी बोट मुठीत लपवते. पण पुठ्ठा आता दोरीने गळ्यात असतो. आणि यापुढे माझं बोट कुणी धरलं, तर मी चावणार आहे. दात माझे चांगले आहेत.